दाजी, हे लेदर नाहीये

गाडीचं इंजिन बिघडलेलं परवडतं. गाडी बंद पडते, टोचन लावून गॅरेजमध्ये जाते, मेकॅनिक बॉनेटमध्ये डोकं घालून एक आकडा सांगतो, आपण सवयीनं त्यातले पाचशे कमी करायला लावतो आणि विषय मिटतो. निर्णय असा घ्यावाच लागत नाही. सीट कव्हरचं तसं नाही. फाटक्या कव्हरवर बसून गाडी खुशाल काश्मीरला जाऊन येते. त्यामुळे ते शिवावं की बदलावं, हे घोंगडं हवं तितके दिवस भिजत ठेवता येतं. आणि घोंगडी भिजत ठेवण्यात माझा हात धरणारा अख्ख्या सोसायटीत कुणी नाही.

कव्हर फाटतं ते नेहमी एकाच जागी. ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे माणूस उजव्या दारानं आत शिरतो. आधी एक पाय, मग डोकं, आणि मग उरलेला सगळा ऐवज त्या कडेच्या उंचवट्यावरून घासत आत सरकतो. उतरताना तोच ऐवज त्याच वाटेनं परत. मी ही सगळी यंत्ररचना बायकोला नीट समजावून सांगितली. ती शेजारच्या सीटवर बसली होती. त्या सीटला एक ओरखडा नव्हता.

"अहो, मीही याच गाडीतून उतरते," ती म्हणाली. एवढंच. सरकारी वजनकाट्यानंही इतका स्पष्ट अहवाल कधी दिला नसेल.

सुरुवातीला त्या कडेवर केसाएवढ्या बारीक रेघा उमटल्या. मग रेघांचं जाळं झालं. मग एका पावसाळ्यात नखाएवढे काळे पापुद्रे सुटायला लागले आणि खालून विणलेलं पांढरट कापड डोकावू लागलं. पापुद्र्यांचं काही नसतं, ते सुटले की सुटले. पण आमचे सुटून थेट माझ्या कपड्यांवर बसायचे. नात्यातल्या एका लग्नाला मी मोतिया रंगाचा सिल्कचा कुर्ता घालून गेलो. मुहूर्ताला पाच मिनिटं असताना मागून एक मावशी किंचाळल्या, "अगं बाई! शुभकार्यात याच्या पाठीवर काळे तीळ कुणी टाकले?" सगळा मांडव वळून बघायला लागला. भटजींनी मंत्र थांबवला. मावशींनी ओल्या रुमालानं तीळ पुसले. पापुद्रे ओले झाले की पसरतात, हे ज्ञान त्या कुर्त्याला त्या दिवशी झालं.

परतीच्या वाटेवर बायकोनं निकाल दिला : "बदला." मी अपील केलं : "शिवून बघू." आणि संसारातला सर्वात दीर्घ खटला उभा राहिला.

मी शिवण्याच्या बाजूचा माणूस आहे. टूथपेस्टची ट्यूब कात्रीनं उभी कापून आतली पेस्ट खरवडून काढणाऱ्या घराण्यात मी वाढलो. आमच्याकडे वस्तू फेकत नसत, त्यांना बढती देत. चादरीची गोधडी व्हायची, गोधडीचं पायपुसणं, पायपुसण्याचं सायकल पुसायचं फडकं. फडकं चोरीला जायचं तेव्हाच त्याची सुटका व्हायची. अशा संस्कारांचा मनुष्य एका इंचाच्या भोकापायी पाच सीटची कव्हरं बदलेल कसा?

म्हणून आधी चौकातल्या चपला शिवणाऱ्या मामांना गाडीपाशी आणलं. त्यांनी कड दाबून पाहिली, पापुद्रा उचलला आणि विचारलं, "सीट काढून आणता का?" मी म्हटलं, सीट निघत नाही. "मग दुकान गाडीत आणू?" तरी भला माणूस, आरीनं चार टाके घालून गेला. पण या असल्या पापुद्रेवाल्या कापडाला सुई लागणं म्हणजे पुढच्या फाटण्याची आखणी. आठवड्याच्या आत टाक्यांच्या भोकांमधून ते रेषेत उसवलं. आता भोक एक इंचाचं नव्हतं, टाके होते तेवढ्या लांबीचं होतं.

मग काळी इलेक्ट्रिकची टेप. लावल्यावर दोन फुटांवरून अजिबात कळत नव्हती. मे महिन्यात कळायला लागली. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचं पोट साठ अंशांच्या पुढे तापतं; त्या तापमानाला टेपचा डिंक पाघळतो आणि टेप आपला पक्ष बदलते. मी बँकेत शिरलो तेव्हा सीटची टेप माझ्याबरोबर आत आली. रांगेतल्या मागच्या गृहस्थांनी अत्यंत सभ्यपणे सांगितलं, "साहेब, तुमचं काहीतरी लोंबतंय."

त्यानंतर बुटाचं पॉलिश झालं (ते सीटवर कमी आणि पँटवर जास्त चमकलं) आणि शेवटी ऑनलाइन मागवलेलं दुरुस्ती किट आलं. खोक्यावर एक गोरा मनुष्य एका बोटानं भोक नाहीसं करत होता. आत सात रंगांच्या इवल्या बाटल्या, एक चमचा, चामड्याची जाळी उमटवायचा कागद आणि एक धातूची चकती. चकती इस्त्रीवर तापवून कागदावर दाबायची होती. गाडी पार्किंगमध्ये, इस्त्री तिसऱ्या मजल्यावर. मी मीटर रूममधून एक्स्टेन्शन काढून बॉनेटवर इस्त्री मांडली. अर्ध्या तासात सोसायटीतल्या तिघींनी ब्लाउजपीस आणून ठेवले.

एव्हाना लोक जमायला लागले होते. आमच्याकडे कुणी बॉनेट उघडलं तर एकही माणूस फिरकत नाही, पण दार उघडून सीटकडे बघत उभं राहिलं की सल्लागार मंडळ भरतं. त्यात अग्रणी म्हणजे खालच्या मजल्यावरचे निवृत्त काका. त्यांच्या गाडीच्या सीटवर शोरूममधून आलेलं प्लास्टिक अजून तसंच आहे. उन्हाळ्यात ते गाडीतून उतरतात तेव्हा आधी पाठ सुटल्याचा एक लांबलचक आवाज येतो आणि मग काका येतात. "बघ, सीट अजून नवी आहे," ते सांगतात. आहेच. घामोळ्या काकांना आहेत.

प्लास्टिकवाल्यांना हसायला नको. आपला देशच कव्हरवाला आहे. रिमोटला प्लास्टिक, मिक्सरला फ्रीलचा झगा, फ्रिजच्या मुठीला लोकरीचा मोजा. सरकारी गाड्यांचं बघा. अँबॅसिडरच्या मागच्या सीटवर पांढरा टर्किश टॉवेल अंथरलेला असायचा. टॉवेल दिसला की चौकातला हवालदार सावरून उभा राहायचा, मग आत साहेब असो वा साहेबांची भाजी. 2014 साली उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसिडरचं उत्पादन थांबलं, पण टॉवेल निवृत्त झाला नाही. तो तसाच उठून नव्या एसयूव्हीत जाऊन बसला. त्याच्या खाली कुठल्या रंगाची सीट आहे, हे बहुधा त्या खात्याच्या सचिवांनाही ठाऊक नसावं.

आमची गाडीही 2014 चीच. काकांनी त्यावरून हिशेब मांडला. "पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन. म्हणजे 2029. तेव्हा तू गाडी काढणार. मग आता कव्हर बदललंस तर गाडी जाईल आणि कव्हर उरेल."

"मग नको बदलू?"

"नको कसं? फाटक्या सीटच्या गाडीला गिऱ्हाईक येईल का?"

"म्हणजे विकताना बदलू?"

"विकायची असेल तर तू कशाला खर्च करतोस? घेणारा घालेल त्याला हवी तशी."

मी घरी येऊन हे कागदावर लिहून काढलं. गाडी विकायची असेल तर नवं कव्हर पुढच्याच्या बुडाखाली जाणार, म्हणून बदलायचं नाही. विकायची नसेल तर घाई काय आहे, म्हणून बदलायचं नाही. इतका बिनतोड सिद्धांत हाती आल्यावर मला चार दिवस शांत झोप लागली. याच सिद्धांतावर आमच्या घराचा रंग, आईची कवळी आणि माझा चष्मा गेली कित्येक वर्षं टिकून आहेत.

मध्यंतरी भोक वाढत होतं. त्यात कुणाचा दोष नाही. फोम दिसला की मराठी माणसाचं बोट आपोआप आत जातं. एसटीनं प्रवास केलेल्या कुणालाही विचारा. पुढच्या सीटच्या पाठीला रेक्झिनची एक छोटी चीर असते, स्वारगेटला ती बोटभर असते, साताऱ्याला तिच्यात अख्खी मूठ मावते. प्रवासी बदलतात, काम पुढे चालू राहतं. आमच्याकडे ते कार्य सिग्नलला थांबल्यावर मी स्वतःच करायचो. लाल दिवा नव्वद सेकंदांचा असला की फोमचे चांगले सहा-सात गोळे निघायचे.

दरम्यान मी विषयाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला, कारण अभ्यास चालू असेपर्यंत पैसे द्यावे लागत नाहीत. कळलं ते असं की, गाड्यांमधल्या अस्सल चामड्यावरही बहुतेक वेळा रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा थर असतो. म्हणजे लाखांच्या गाडीत बसणाराही हात फिरवतो तो मुख्यतः रंगावरूनच. नकली लेदर दोन जातींचं. पॉलियुरेथेनवालं मऊ असतं, पण दमट हवा त्याच्या रासायनिक साखळ्या हळूहळू तोडते आणि त्याचे पापुद्रे निघतात. पीव्हीसीवालं ओलीला दाद देत नाही, पण त्याला मऊ ठेवणारं द्रव्य उन्हानं उडत जातं आणि ते कडक होऊन तडकतं. थोडक्यात कोकणात एक टिकत नाही, विदर्भात दुसरं. आणि पुण्यात दोन्ही ऋतू कडक असल्यामुळे दोन्हींची सोय आहे.

"पण आपलं तर खरं लेदर होतं ना?" बायकोनं विचारलं. "दुकानदार तसंच म्हणाला होता." मी जुनी पावती शोधली. पावतीवर 'लेदर फिनिश' लिहिलेलं होतं. म्हणजे लेदर तिथे येऊन संपलं होतं.

या मुद्द्यावर मेहुणा मैदानात उतरला. मेहुण्याला सगळ्यातलं कळतं. ज्यातलं कळत नाही, त्याचा व्हिडिओ त्यानं पाहिलेला असतो. "दाजी, हे लेदर नाहीये," तो गाडीत डोकं घालून म्हणाला. "खरं लेदर जाळलं की केस जळल्याचा वास येतो. नकली असेल तर प्लास्टिकचा."

मी त्याला समजावत होतो की चाचणीची गरज नाही, खालून कापड दिसतंय म्हणजे नकलीच. चामड्याची मागची बाजू लवदार असते. शिवाय ओघात मी हेही सांगत होतो की रेक्झिन हे मूळचं इंग्लंडमधलं, मँचेस्टरजवळच्या हाइड गावच्या कंपनीचं. तेव्हा कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर देत, आणि ते रसायन बंदुकीच्या दारूच्या गणगोतातलं, त्यामुळे...

त्यानं लायटर पेटवला होता.

वास प्लास्टिकचा आला. तो तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. कड आक्रसून वितळली, आतल्या फोमनं धूर धरला, आणि एरवी हाक मारल्यावर अर्ध्या तासानं येणारा वॉचमन क्षणात बादली घेऊन हजर झाला. बादलीत त्यानं गाड्या पुसायचं फडकं पिळलेलं होतं. ती सगळी बादली सीटमध्ये रिकामी झाली. फोम पाणी पितो किती, आणि देतो किती थोडं, हे मला तेव्हा कळलं. पुढचा आठवडाभर मी ऑफिसात उभ्यानं काम केलं.

"चला, आता तरी बदलाल," मेहुणा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर केलेल्या मदतीचं समाधान होतं.

मग आम्ही सगळे नाना पेठेत गेलो. सगळे म्हणजे मी, बायको, मेहुणा आणि काका. काका पुढे बसले, टॉवेल त्यांचा स्वतःचा होता. दुकानदारानं लग्नाच्या साड्या दाखवाव्यात तशा रुबाबात नमुन्यांचे गठ्ठे उलगडले. आर्ट लेदर, सॉफ्ट आर्ट लेदर, प्रीमियम सॉफ्ट आर्ट लेदर. शेवटी आवाज खाली आणून, "आणि हे इटालियन नाप्पा."

"कुठून येतं?" काकांनी विचारलं.

"दिल्लीहून."

नाप्पा चामडं 1875 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या नापा गावच्या टॅनरीत बनलं असं मी वाचलं होतं. तेव्हा कॅलिफोर्नियातलं, इटलीचं, दिल्लीहून आलेलं, नाना पेठेतलं आणि हात लावताच रेक्झिन वाटणारं असं ते एक वसुधैव कुटुंबकम् प्रकरण होतं.

"साइड एअरबॅग आहे का सीटला?" दुकानदारानं विचारलं. "असेल तर कव्हरची कड कच्च्या धाग्यानं शिवावी लागते. नाहीतर वेळेला एअरबॅग आतच अडकते."

हा पहिला प्रामाणिक प्रश्न होता. मी जरा खजील होऊन म्हटलं, नाही. आमच्या गाडीला पुढे दोन आहेत, कडेला मी आहे.

दर ऐकून बायको खूश झाली, मी नाही. आर्ट लेदरचा पूर्ण सेट 8,500. वर स्टिअरिंगचं कव्हर, मानेखालच्या दोन उशा आणि टिश्यूचा डबा फुकट. अजून साडेतीन हजार टाकले तर 7डी मॅट. आइनस्टाइन बिचारा चार मितींवर थांबला होता, आमच्या पायपुसण्यानं त्याला मागे टाकलं. मी मात्र मुद्दा सोडला नाही. "नुसता ड्रायव्हर सीटच्या उजव्या कडेचा तुकडा बदलून द्याल का?"

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, आणि आतल्या कुशनवाल्या चाचांना हाक मारली.

चाचा म्हणजे या धंद्यातले धन्वंतरी. तोंडात खडू, गळ्यात मेजर टेप. ते गाडीत वाकले, कडेवरून अंगठा फिरवला, जळका भाग हुंगला आणि काही विचारलं नाही. यालाच अनुभव म्हणतात. "तुकडा टाकतो ना साहेब. सातशे रुपये."

मी विजयी मुद्रेनं बायकोकडे वळलो.

"फक्त काय होतं," चाचा पुढे म्हणाले, "कड नवी काळीभोर दिसणार, बाजूचं सगळं जुनं दिसणार. मग आठ दिवसांनी तुम्ही म्हणणार, चाचा, बैठकही बदला. बैठक बदलली की पाठ जुनी. पाठ बदलली की शेजारची सीट जुनी. असं करत बारा हजार देणारे गिऱ्हाईक आहेत माझ्याकडे. बोलत नाहीत कुणाला."

काका म्हणाले, "मग नवीनच टाक." याच काकांनी मला सिद्धांत दिला होता. मी सिद्धांताची आठवण करून दिली, तर म्हणाले, "तो आधीचा. आता जळलीय."

अखेर रंगावर चर्चा आली. मेहुण्याला टॅन हवा होता, कारण तो बड्या गाड्यांत असतो. बायकोला बेज, कारण तो थंड दिसतो. मला काळा, कारण मी डबा गाडीत खातो. काकांचं म्हणणं, पहिल्या दिवसापासून वर प्लास्टिक येणार असेल तर रंगाची चर्चाच व्यर्थ आहे. हे चालू असताना चाचांनी जुनं कव्हर उतरवायला घेतलं. खालून हुक सोडले, इलास्टिक ताणून काढलं, हेडरेस्ट उपसली. सीटच्या खाचेतून एक जुनी टोलची पावती निघाली, एक आक्रोड, आणि मी चोरीला गेली म्हणून मोलकरणीवर मनातल्या मनात संशय घेतलेली पेनची टोपी. मग चाचांनी कव्हर सर्रकन वर ओढलं.

खाली कंपनीची मूळ सीट होती. राखाडी कापडाची, बारीक निळ्या ठिपक्यांची. गाडी घेतली त्याच संध्याकाळी आम्ही तिच्यावर कव्हर चढवलं होतं, त्यामुळे ती आमच्यापैकी कुणीच नीट पाहिलेली नव्हती. एक धागा सुटलेला नाही. हेडरेस्टच्या दांडीला फॅक्टरीतल्या प्लास्टिकची एक चिंधी अजून चिकटलेली. उजव्या कडेला किंचितसा ओलसर डाग होता, तेवढाच काय तो मेहुण्याचा इतिहास. बाकी कोरी करकरीत सीट, आणि इतकी वर्षं आम्ही तिच्या डोक्यावर बसून लग्नांना जात होतो.

सगळे गप्प झाले. काकांनी चष्मा काढून कापड चिमटीत धरलं. "आता असं कापड मिळत नाही."

मला एकदम हलकं वाटलं. शिवायचं नको, बदलायचं नको, एक पैसा खर्च नको. माझ्या घराण्याच्या इतिहासात इतका सुंदर क्षण पूर्वी आला नसेल. "मग झालं की!" मी म्हणालो. "कव्हर नकोच. यावरच बसू."

"यावर?" बायको किंचाळली. "अहो, एवढी चांगली सीट! महिन्यात घाण करून टाकाल!"

"दाजी, रीसेलला ही सीट बघून माणूस चाट पडेल. हात लावू नका."

काकांनी नुसती मान हलवली. कापडावर बसायला निघालेल्या माणसाशी त्यांना बोलायचंच नव्हतं.

"पण मग ही सीट आहे कुणासाठी?" मी विचारलं.

"घेणाऱ्यासाठी," तिघंही एका सुरात म्हणाले.

चाचा खडूनं माप आखायला लागले होते. पाठ, बैठक, कड. आखता आखता त्यांनी मान वर केली. "साहेब, लेदर टिकावं म्हणून वरून अंथरायला जाळीची कव्हरं आलीत. दोनशे रुपयांत देतो. टाकू?"

मी विचारलं, "काळ्या रंगात आहेत का?"